रेषा आणि छटा : चित्रकार धुरंधर

चित्रकार म्हटले की खेड्यापाड्यातल्या माणसालाही एकच नाव आठवते, ते म्हणजे राजा रविवर्मा. आमच्या घरच्या देवळीतली लक्ष्मीची तसबीरही त्यांच्याच चित्रावरून छापलेली आहे. पण रविवर्म्यांच्या मागोमाग ज्यांनी मराठी घर, मराठी बाई आणि मराठी सण कागदावर आणला, त्या महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव आपल्या महाविद्यालयात विचारले, तर दहांतले नऊ जण नुसते पाहत राहतील. वर्षभरापूर्वी मीही त्या नऊ जणांतच होते. मी त्यांच्यापर्यंत पोचले ती एका भांडणामुळे.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर राहणारी मैत्रीण मोबाइलवर चित्रे काढते. जपानी कार्टूनपटांत असतात तशी मोठ्या डोळ्यांची, उडत्या केसांची मुले-मुली ती काढते. मी शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा ‘अ’ श्रेणीत उत्तीर्ण झालेली. मला तिची चित्रे पोरखेळ वाटत. एकदा मी तसे बोलून गेले. तिने शांतपणे माझी वही उघडली आणि माझी चूक दाखवली. माझ्या चित्रातली रेषा सगळीकडे सारखीच जाड होती, तारेसारखी. गालाची रेषाही तीच आणि पदराची काठही तोच. सावली म्हणून मी काळी पेन्सिल घासली होती, त्यामुळे चेहरा उजळण्याऐवजी मळला होता. तिच्या चित्रात मात्र बाहेरची कड जाड, आतली रेषा बारीक, टोकाला तर केसाएवढी होत गेलेली. रेषाही काळी नव्हती. ज्या रंगाला ती वेढत होती त्याच रंगाची गडद छटा होती. मला राग आला, कारण ती खरे बोलत होती. आठ दिवस आम्ही बोललो नाही.

त्या आठ दिवसांत मी ग्रंथालयात चित्रकलेवरची पुस्तके चाळली. तिची चूक कुठेतरी सापडावी, हा उद्देश. सापडले ते धुरंधर.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. कोल्हापूरला आज आपण कलापूर म्हणतो. त्या गावाने आबालाल रहिमान दिले, पुढे बाबूराव पेंटर दिले. आबालाल हे धुरंधरांच्या आधी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेत धुरंधर दाखल झाले ते १८९० च्या जानेवारीत. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. आपल्याकडे ज्या वयात घरचे लोक नोकरीचे विचारू लागतात, त्या वयात हा तरुण रेषा ओढायला शिकू लागला. शाळेचे प्राचार्य होते जॉन ग्रिफिथ्स.

ग्रिफिथ्स हे नाव आपण मराठवाड्यातल्या मुलांनी विसरता कामा नये. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, नांदेड आणि लातूरसारखाच. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी अशाच नकला केल्या होत्या, त्या १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या नकलांपैकीही अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. तरीही जे उरले त्यावर त्यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड काढले. धुरंधर शाळेत आले तेव्हा अजिंठ्याचे ते काम संपून पाचच वर्षे झाली होती. ज्या गुरूचे हात अजिंठ्याच्या रेषेवरून तेरा वर्षे फिरले होते, त्या गुरूपुढे हा विद्यार्थी बसला.

अजिंठ्याची रेषा पाहिली की माझ्या मैत्रिणीचे म्हणणे पुन्हा आठवते. ती रेषा बहुतेक ठिकाणी काळी नाही, तांबूस तपकिरी आहे. खांद्यावर ती जाड होते, बोटांच्या टोकांशी बारीक होते. आपल्या प्राचीन ग्रंथांपैकी विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. त्यात छटा देण्याला वर्तना म्हटले आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत : पानाच्या शिरांसारख्या रेषांची पत्रज, अतिसूक्ष्म रेषांची ऐरिक आणि ठिपक्यांची बिंदुज. चित्रात रेषा मोठी की छटा, हा विचारही तिथे झालेला आहे. म्हणजे आमचे वसतिगृहातले भांडण निदान दीड हजार वर्षांचे जुने निघाले!

जे. जे. मधले शिक्षण मात्र युरोपीय वळणाचे होते. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेल्या जिवंत माणसावरून. प्रकाश एका बाजूने पडलेला असायचा आणि विद्यार्थ्याने उजेडापासून काळोखापर्यंतच्या पायऱ्या कागदावर उतरवायच्या. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे कंटाळवाणे वाटले. पण सहलीत आम्ही देगलूर तालुक्यातील होट्टलला गेलो होतो तेव्हा त्याचा अर्थ कळला. तिथल्या मंदिराच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी दुपारच्या उन्हात सपाट दिसल्या. कलत्या उन्हात त्याच दगडाला गाल आला, हनुवटी आली, ओठ मिटले. दगडावर कुणी रेघ ओढली नव्हती. सावलीच रेघ झाली होती. पुतळ्यासमोर बसवून विद्यार्थ्याला हेच शिकवत असणार.

धुरंधर फार लवकर पुढे आले. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली होती आणि तिच्या प्रदर्शनांवर युरोपीय चित्रकारांचे वर्चस्व होते. १८९५ साली सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांना मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय चित्रकार. चित्राचा विषय होता घरी येणारी लक्ष्मी. राजेरजवाडे नाहीत, लढाई नाही. आपल्या घरातल्या सणाची, उंबऱ्याची गोष्ट. साहेबांच्या प्रदर्शनात जाऊन बक्षीस मिळवायचे आणि तेही घरच्या लक्ष्मीचे चित्र काढून, याचे मला फार कौतुक वाटते. घरातली पहिलीच मुलगी म्हणून मी महाविद्यालयात आले. इथे बोलताना आपले घरचे शब्द लपवावेत असे पहिल्या वर्षी मला सारखे वाटे. धुरंधरांनी आपले घर लपवले नाही.

पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ते जे. जे. मध्ये शिक्षक झाले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. या साथीत त्यांची पहिली पत्नी बापूबाई गेली. पदक आणि नोकरी मिळाली, त्याच सुमारास घर रिकामे झाले. पुढे गंगूबाईंशी त्यांचा विवाह झाला, संसार पुन्हा उभा राहिला. पण मला वाटते, त्यांच्या चित्रांतल्या घरगुती बायकांकडे पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी. चूल, तुळशी, हळदीकुंकू, लग्नघर हे विषय त्यांनी आयुष्यभर सोडले नाहीत. ज्याचे घर एकदा मोडले आहे त्याला घराची किंमत वेगळी कळते.

धुरंधरांनी मोठी तैलचित्रे काढली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलेचे पोशिंदे होते. त्यांच्यासाठी धुरंधरांनी शिवचरित्रावर चित्रे केली. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या भिंतींसाठीही त्यांनी काम केले. पण मला जवळचे वाटतात ते पुस्तकांत आणि कागदावर छापून घरोघर गेलेले धुरंधर. त्यांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली, रविवर्मा छापखान्यातून शिळाछापाने निघाली. १९१२ साली मुंबईच्या गल्लीबोळांवर एस. एम. एडवर्ड्स यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्यात त्यांची चित्रे होती. १९१४ साली सी. ए. किंकेड यांचे दख्खनच्या कहाण्यांचे इंग्रजी पुस्तक आले. १९२० साली ऑटो रॉथफील्ड यांचे भारतातील स्त्रियांवरचे पुस्तक आले, त्यातही धुरंधरांची रंगीत चित्रे आहेत.

छापायचे चित्र आणि भिंतीवर लावायचे चित्र यांत मोठा फरक असतो. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. गालावरची गुलाबी छटा हवी असेल तर कारागीर दगडावर ठिपके देत असे. दाट ठिपके म्हणजे गडद, विरळ ठिपके म्हणजे फिके. पुढे पुस्तकांतली रंगीत चित्रे ठोकळ्यांवरून छापली जाऊ लागली. चित्राचे छायाचित्र वेगवेगळ्या रंगकाचांतून घ्यायचे, पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या रंगाचे ठोकळे करायचे आणि ते एकावर एक छापायचे. ठोकळा केसभर सरकला तरी ओठ हनुवटीवर येतो. फार नाजूक छटा छपाईत बुडते. फार बारीक रेषा तुटते. म्हणून पुस्तकासाठी काढणाऱ्याला आधीच ठरवावे लागते, कोणती रेषा भक्कम ठेवायची आणि कोणती नुसती सुचवायची. पदराची बाहेरची कड टिकलीच पाहिजे. पाठीवरची चुणी पुसट झाली तरी चालेल.

हे वाचले तेव्हा मी आठ दिवसांचा अबोला मोडला. मैत्रिणीला सांगितले, तुझ्या मोबाइलमध्ये जे थर असतात ना, एका थरावर रेषा, दुसऱ्यावर अंगाचा रंग, तिसऱ्यावर सावली, ते तुझ्या कंपनीने शोधलेले नाहीत. शंभर वर्षांपूर्वी छापखान्यातले लोक दगडाचे थर लावत होते. ती हसली. तिने मग मला दाखवले की ती सावलीच्या थरात काळा रंग कधीच घेत नाही. गोऱ्या अंगावर जांभळट, सावळ्या अंगावर विटकरी असा घेते आणि कडेला थोडा पसरून विरवते. धुरंधरांच्या जलरंगांतही मला तेच दिसले. पांढऱ्या लुगड्याच्या घडीत त्यांनी काळे भरले नाही. तिथे निळसर पाण्याचा हात फिरवला आहे आणि उजेडाच्या जागी कागद तसाच सोडला आहे. जलरंगात पांढरे हे लावायचे नसते, राखायचे असते. एकदा घालवले की परत येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. नांदेडहून लोह्यावरून अहमदपूरकडे जाणारी एस. टी. पकडली की आमचे गाव येते. किंकेड यांचे पुस्तक आता मोबाइलवर मिळते. त्यातली चित्रे मी आजीला दाखवली. आजीला अक्षर येत नाही. पुस्तक इंग्रजीत, लिहिणारा गोरा अंमलदार, छापलेले लंडनला. आमच्या घरात ते वाचू शकणारी पहिली मी. आणि तरीही चित्रे वाचली ती आजीने. लुगडे कसे नेसले आहे, हात कसे जोडले आहेत, पदर डोक्यावरून किती पुढे ओढला आहे, एवढ्यावरून तिने हे व्रताचे, कहाणीचे आहे असे ओळखले. मग मोबाइल बाजूला ठेवून तिने आपणहून सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सांगितली. राजाने सगळ्या गावाचे दूध मागवले, लेकरेवासरे उपाशी राहिली, तरी महादेवाचा गाभारा भरला नाही. म्हातारीने सगळ्यांना तृप्त करून उरलेले थोडेसे दूध ओतले आणि गाभारा भरला. हीच कहाणी त्या इंग्रजी पुस्तकात सोमवारची गोष्ट म्हणून आहे. मी आजीला ती इंग्रजीतून वाचून मराठीत सांगितली तेव्हा तिने दोन ठिकाणी मला थांबवले आणि दुरुस्त केले.

माझ्या वहीतल्या चित्राचे काय चुकले होते, ते मला त्या रात्री नीट कळले. मी घागरींनी दूध ओतत होते. छटा खुलभरच लागते, पण योग्य जागी.

धुरंधरांवर टीकाही झाली, ती लपवण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याला हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी नवी चळवळ उभारली. १९०३ च्या सुमारास जपानचे योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार कलकत्त्याला आले आणि त्यांच्या सहवासातून तिकडे पाण्याने धुतलेल्या, धुक्यासारख्या छटांची पद्धत रुजली. त्या मंडळींना मुंबईचे वास्तववादी चित्रण विलायती वाटे. छायाप्रकाश दाखवणे म्हणजे साहेबांचे अनुकरण, असा आरोप जे. जे. वर झाला. दुसरा आरोप असा, की पुस्तकांतली चित्रे, पोस्टकार्डे, मागणीप्रमाणे केलेली कामे ही कला नव्हे, तो धंदा. तिसरा आक्षेप आजचा आहे. रॉथफील्ड यांच्यासारखी पुस्तके भारतातल्या बायकांची जातीनुसार, प्रांतानुसार मांडणी करतात, जणू कपाटातले नमुने.

पहिला आरोप मला फारसा पटत नाही. पद्धत बाहेरून आली असेल, पण चित्रातली बाई लंडनची नाही. आज माझी मैत्रीण जपानी पद्धतीने चित्र काढते आणि त्यातल्या मुलीला नांदेडच्या बसस्थानकावर उभी करते. तिला कोणी परकी म्हणेल काय? दुसऱ्या आरोपाला उत्तर आमच्या आजीने दिले आहे. धंद्यासाठी काढलेले चित्र शंभराहून अधिक वर्षांनी एका निरक्षर बाईला वाचता येते, याहून मोठी पावती कोणती? तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. त्या पुस्तकाची मांडणी साहेबाची होती आणि धुरंधरांनी ते काम स्वीकारले होते. एवढेच म्हणता येईल की चौकट साहेबाची असली तरी आतल्या बाईची मान ताठ आहे. मासे विकणारी असो की सरदारघराण्यातली, दोघींच्या चेहऱ्याला रेषेची काळजी सारखीच मिळाली आहे. हे माझे मत आहे; आमच्या इतिहासाच्या सरांना ते पूर्ण मान्य नाही.

धुरंधर जे. जे. मध्येच राहिले. १९२७ साली त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. १९३० साली संचालकपदाचा कार्यभार त्यांच्याकडे आला. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. तोही कायम नव्हे, प्रभारी. हयातभर ज्या शाळेत शिकवले, तिचा कारभार हाती आला तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून आत पाऊल ठेवल्यापासून एकेचाळीस वर्षे झाली होती. म्हणूनच त्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. ते १९४० साली प्रसिद्ध झाले. मराठी चित्रकाराने स्वतःच्या हाताने लिहिलेले असे चरित्र त्या काळी दुर्मिळच होते. १ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांचा जन्म १९१२ सालचा. त्यांनीही जे. जे. मध्येच शिक्षण घेतले आणि वडील निवृत्त झाले त्याच १९३१ साली पदविका मिळवली. ज्या काळात मुलीने चौथीपुढे शिकणे नवल होते, त्या काळात एका बापाने आपल्या लेकीच्या हाती कुंचला दिला. अंबिकाबाईंनी वडिलांची चित्रे पुढे कित्येक वर्षे जतन केली आणि स्वतःही चित्रकार म्हणून जगल्या. २००९ साली त्या गेल्या. धुरंधरांनी आयुष्यभर बायकांची चित्रे काढली. पण मला विचाराल तर त्यांचे सर्वांत पुरोगामी काम कागदावर नाही, ते अंबिकाबाई आहेत.

मी चित्रकार होईन असे नाही. घरी चित्रे म्हणजे रिकामपणाचा उद्योग समजतात, आणि बी. ए. नंतर बी. एड. करावे हे ठरलेले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. धुरंधरही मास्तरच होते. पण परवा मी आजीचे चित्र काढायला घेतले. पेन्सिल हलकी धरली. डोक्यावरच्या पदराची कड थोडी दाबून काढली, गालावरची सुरकुती जेमतेम टेकवली आणि कपाळाच्या उजेडाला हातच लावला नाही. मैत्रिणीने बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता वही परत दिली. मग तिने माझ्याकडे आजीची आणखी एक बैठक मागितली. तिला मोबाइलवर आजीचे चित्र काढायचे आहे, मोठ्या डोळ्यांचे.

आजीला विचारायचे बाकी आहे.